गाजराची मान

मंगळवार, ४ मार्च

ताट भिंतीवर! पालक पार छतापर्यंत उडाला. फेकायचं नव्हतं, हात सुटला. पाच वर्षांचं पोर ओठ घट्ट मिटून बसलेलं, आणि मी त्याचे गाल दाबतोय— 'आ कर! आ कर म्हणतो ना!' शेंडेफळाने आ केला नाहीच. हिने मध्ये हात घातला, तिचं मनगट पिरगळलं गेलं, आणि मग ताट गेलं.

डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, 'रक्त फार कमी आहे. औषध देतो, पण पालक, बीट, गाजर रोज पोटात गेलं पाहिजे. महिन्याने तपासू. नाही वाढलं तर भरती करावं लागेल.' वर आणखी— 'जेवण जरा मजेचं करा.' मजेचं! दिवसभर पाडकामावर घण घालून यायचं आणि मग गाजरापुढे नाचायचं!

बुधवार, ५

भिंत हिने पुसली. डाग गेला नाही. माझ्याशी बोलत नाही.

शुक्रवार, ७

आज गोडीगुलाबीने घ्यायचं ठरवलं. काकडीचे डोळे, टोमॅटोचं नाक, गाजराचं तोंड— स्वतः कापलं, अर्धा तास घातला. नऊ वर्षांची मोठी म्हणाली, 'छान आहे, बाबा.' बघत होती माझ्या हाताकडे. शेंडेफळ म्हणालं, 'हा रागावलाय.'

'खाऊन टाक त्याला!' मी हसून म्हटलं. नाही. दहापर्यंत आकडे मोजायचे ठरवलं होतं. सातलाच हात टेबलावर आपटला. काचेची वाटी हाताखाली फुटली, तळहात फाटला, चार टाके. रक्त टेबलभर. मोठी न सांगता फडकं घेऊन आली, आधी काचा उचलल्या, मग पुसलं. हुशार आहे पोरगी!

शनिवार, ८

कामावर एक गडी अर्धवट पाडलेल्या भिंतीखाली डबा खायला बसला. कॉलर धरून ओढला, दोन ठेवून दिल्या. नंतर ती भिंत आली खाली, तो जिथे बसला होता तिथेच. मला, मुकादमाला, सगळे टरकून असतात म्हणून जिवंत आहेत. घरी हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. कुणीतरी धाक दाखवल्याशिवाय पोराचं रक्त वाढणार कसं?

मंगळवार, ११

कानाखाली वाजवली. एकच. पोराच्या तोंडात गाजराचा तुकडा होता, तो त्याने बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

ही उठली. 'बास. उद्यापासून तुम्ही यायच्या आत आम्ही जेवणार.'

'घर माझं आहे!'

'मग घरासोबत जेवा.'

तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची उचलून फरशीवर आपटली, पाय निखळेपर्यंत. तिघं खोलीत गेली, आतून कडी लागली. मी जेवलो. एकटाच!

रविवार, १६

ओट्यावर माझं ताट झाकलेलं असतं. आज हिने आपणहून सांगितलं, 'खातो आता.'

'काय?'

'सगळं. बीटसुद्धा.'

थापा असतील म्हणून पातेली उघडून पाहिली— रिकामी. मोठी म्हणाली, 'मागून घेतो, बाबा. आम्ही खेळ करतो.' कसला खेळ? तर आईकडे बघायला लागली. मी फार खोदून विचारलं नाही. खातंय ना पोर! फार बरं वाटलं. पण माझ्यासमोर का नाही?

गुरुवार, ३ एप्रिल

रक्त वाढलं! चांगलं दीडने वाढलं! भरती टळली. डॉक्टर खूश. 'काय जादू केलीत?' हिने मान खाली घातली. मीच म्हटलं, 'शिस्त.'

शनिवार, ५

यंत्र बंद पडलं, लवकर सुटलो. जिन्यातच हसणं ऐकू आलं. स्वयंपाकघराची खिडकी अर्धी उघडी होती.

मोठीच्या हातात जाडजूड गाजर, त्याला लवंगेचे डोळे, भुवया रागाने वाकड्या कोरलेल्या. आवाज माझा काढत होती. हुबेहूब! 'कोण उलटून बोललं रे? चामडी लोळवीन!'

'मान तोडा!' शेंडेफळ ओरडलं, आणि त्याने गाजराची मान कचकन तोडली.

'आता हात कुणाला?'

'उजवा मला! मारायचा हात मला!' शेंगेचा हात होता. कडाकडा चावला. मग बीट. हनुवटीवरून लाल रस ओघळतोय आणि पोर टाळ्या पिटतंय— 'बाबाचं रक्त! बाबाचं रक्त!' ही पोट धरून हसत होती. ही हसते कशी, ते मी विसरूनच गेलो होतो.

लाज नाही वाटली, खोटं कशाला लिहू? चीड आली. दार लाथेने उघडायचं, एकेकाला धरून बडवायचं, एवढंच डोक्यात. पाय उचललाही होता.

'आई, अजून बाबा दे ना.'

पाय खाली ठेवला. जिना उतरलो. रोजच्या वेळेपर्यंत रस्त्यावर फिरलो.

रविवार, ६

सकाळी बीटं आणली, निवडून, मोठाली. हिला म्हटलं, 'काम वाढलंय. आता रोज उशीर होणार. तुम्ही जेवून घेत जा.'

काम वाढलेलं नाही.