अकरा आणि चौदा

प्रिय ठमे,

हसशील, पण सांगते. महिनाभरापासून मी ज्युदो शिकतेय, चव्वेचाळिसाव्या वर्षी. हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडायला जपा. आमच्या कार्यालयामागच्या सभागृहात नवशिक्या बायकांचा वर्ग निघाला, तिथे आधी पडायलाच शिकवतात. शिकवणारी माझ्या निम्म्या वयाची. "काकू, हनुवटी छातीला, डोकं एकच आहे," असं सारखं बजावते. पट्ट्याची गाठ मला अजून जमत नाही. तू ती बोलता बोलता बांधायचीस.

नियम मी वहीत उतरवून घेते. समोरचीला नीट पाठीवर आपटलं की लढत संपली. उताणं दाबून वीस सेकंद धरलं तरी संपली; तुझ्या वेळी पंचवीस होते. बुधवारी आम्ही ही पकड शिकलो. मी वजनमापं तपासण्याच्या नोकरीत, म्हणून घड्याळ माझ्या हाती दिलं. खालची बाई पाय अडकवून सुटली, मी घड्याळ थांबवलं. वरचीने पुन्हा दाबलं, मी तिथूनच पुढे चालू केलं. शिकवणारी म्हणाली, "काकू, पकड सुटली की आधीचे सेकंद गेले. पुन्हा शून्यापासून." मी लढतीच्या घड्याळाचं विचारलं. ते थांबून पुढे चालतं, म्हणाली, पकडीचं नाही. बाकीच्या पुढच्या डावाला लागल्या. मी घड्याळ शिकवणारीच्या हातात परत दिलं.

तुला कळलंच असेल. तुझी संघाच्या निवडीची शेवटची लढत. वेळ बघणारे गृहस्थ आले नाहीत, आणि मला नुकतीच ही नोकरी लागलेली, म्हणून टेबलाशी मला बसवलं. समोरचीने तुला दाबलं, तू सुटलीस, पंचांनी हात हलवून तसं दाखवलंही. तिने पुन्हा दाबलं. मी घंटा वाजवली आणि पंच घंटेवर विसंबले. घंटा लवकर वाजली, असं तू रडत बाबांना सांगितलंस. त्यांनी मला विचारलं. पंचवीस पूर्ण झाले होते, असं मी शांतपणे सांगितलं. "नाचता येईना अंगण वाकडं," बाबा म्हणाले. महिन्याभरात तुझं वर्गाला जाणं बंद झालं.

बुधवारी घरी येऊन त्या वर्षीची रोजनिशी काढली. माझी आठवणच चुकीची निघावी असं फार वाटत होतं. माझ्याच सुबक अक्षरात लिहिलंय: 'पकड अकरा आणि चौदा, बरोबर पंचवीस. ठमी उगाच रडली.'

नियम माहीत नव्हता, हे खरं. पण पंच दहा पावलांवर उभे होते. एवढंही माहीत नाही का, असं कुणी म्हणेल म्हणून मी विचारलं नाही. की तू जिंकू नयेस असं मनात कुठे होतं? तीन दिवस स्वतःला विचारतेय. छातीवर हात ठेवून 'नाही' म्हणता येत नाही. निकाल मागाहून बदलतो का, हेही त्या शिकवणाऱ्या मुलीला विचारलं. दोघी वाकून नमस्कार करून गादीवरून उतरल्या की मग बदलत नाही, म्हणाली. बाबांना सांगावं, तर तेही राहिले नाहीत.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला लगेच सावरून घेशील. मागच्या रविवारी तुझ्या लेकीच्या परीक्षेचं बोलता बोलता तू म्हणालीस, "ताई, तेव्हा मी तुझ्यावर उगाच आळ घेतला गं. हरलेच होते मी. माफ कर." आणि मी मोठेपणाने म्हटलं, जाऊ दे, लहान होतीस. बावीस वर्षं खरं काय ते एकटी तूच धरून होतीस. माझ्याशी गोड राहावं म्हणून रविवारी तेही सोडून दिलंस. ती माफी मी परत पाठवतेय. मला माफ करू नकोस, निदान आत्ता तरी नको. तू सुटली होतीस, ठमे. मी घंटा वाजवली तेव्हा तुझे अकरा सेकंद बाकी होते.

तुझीच,
ताई