फोडणी गच्चीवर

३ फेब्रुवारी, मंगळवार

रेवतीचा तिसरा केमो झाला. सहातला तिसरा. सकाळी गेलो ते घरी यायला दिवे लागले. अभय बायकोला दवाखान्यातून रिक्षात बसवून सरळ होटगीला ड्यूटीवर. रेल्वेला कोणाच्या घरचं दुखणं कळत नाही.

रिक्षात रेवती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून बसली. लग्नाला अकरा वर्षं झाली, खांद्यावर डोकं पहिल्यांदाच. सासूचा खांदा हाडकुळा, टोचला असणार. तरी घर येईपर्यंत डोकं काढलं नाही.

यापुढं नुसतं के. लिहीन. पूर्ण शब्द लिहायला हात धजत नाही. आणि रे., अ.

५ फेब्रु., गुरुवार

आज चूक माझी. आमटीला फोडणी घातली. मोहरी तडतडली तशी रे. उठून मोरीकडे धावली. पोटात काही नव्हतंच, नुसते कोरडे उमासे. "आई, फोडणी नको हो," म्हणाली, तेही माफी मागितल्यासारखं.

तर घरात फोडणी बंद. पण बिल्डिंगचं काय? सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. तळमजल्यावर नरसम्मा, मधे आम्ही, वर शबाना. नरसम्माचा लसूण आणि सुकी मिरची थेट आमच्या घरात. खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला. उपयोग शून्य.

खाली जाऊन सांगणं शक्य नाही. नरसम्माशी दिवाळीपासून बोलणं बंद आहे. पाण्याच्या मोटारीवरून. मोटार चालू करणार ती, आधी भरणार तिची पिंपं, आणि वरच्यांनी काय आभाळाकडे बघायचं? तेव्हा बोलले ते बोलले. आजही तेच बोलेन.

शिवाय कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय. ठरवलं मीच. गाठ होती, काढली, एवढंच बिल्डिंगला माहीत.

७ फेब्रु., शनिवार

नवी पेठेत गेले, रे.च्या डोक्याला बांधायला सुती रुमाल आणायला. केस गेल्या महिन्यातच गेले. दुकानदार म्हणाला, रंग कोणता आवडतो त्यांना? मला सांगता येईना. दोन घेतले, अबोली आणि निळा. रे.नं दोन्ही "छान आहेत" म्हणून घडी करून ठेवले आणि अ.चा जुना पंचा डोक्याला गुंडाळला. मऊ आहे म्हणे.

दहीभात दोन घास. तेही बाहेर.

दुपारी वास आला नाही. ना खालून, ना वरून. टॉवेलचा गुण असावा.

८ फेब्रु., रविवार

रविवार असून शबानाकडे मटणाचा वास नाही. हे काही टॉवेलचं काम नव्हे. जिन्यात भेटली. हळूच म्हणाली, "आंटी, भाभी कैसी है? बघार हम लोगां गच्ची पे देतें अब. भाभी को बास नक्को ना."

मी नुसती मान हलवली. अंगाचा तिळपापड. कोणी सांगितलं हिला? सांगणार कोण, कमळ. तीन घरची भांडी घासते आणि तीन घरच्या बातम्या वाटते.

९ फेब्रु., सोमवार

कमळला धरलं. तुला कोणी सांगितलं होतं गावभर करायला?

बाईनं मान खाली घातली नाही. "मीच सांगिटलं. तुमी कुणाला सांगनार न्हाय, आन ती पोरगी हितं ओकून ओकून मरायली. मग काय गप बसू व्हय?" आणि भांडी आपटत घासली. एक वाटी चेपली.

आठवीचे वर्ग गप्प बसवण्यात माझी हयात गेली. हिच्यापुढं चेपलेली वाटी ठोकून सरळ करत बसले.

१० फेब्रु., मंगळवार

कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला (जिच्या मोटारीवरून भांडण, त्याच टाकीच्या) गॅसची एक छोटी शेगडी, वारा लागू नये म्हणून भोवती तेलाचे पत्र्याचे डबे. शबाना आणि आणखी एकदोघी पातेली घेऊन उभ्या. नरसम्मा कढल्यात फोडणी करतेय, जिच्या तिच्या वरणात ओततेय, झाकण ठेवलं की पातेलं खाली. वास सगळा वाऱ्यावर सात रस्त्याकडे.

शेगडी नरसम्माची. सिलिंडरही तिनंच वर चढवला म्हणे, गुडघ्याला पट्टा बांधून.

मला बघून तिनं तोंड फिरवलं. मीही टॉवेल झटकले, चिमटे लावले, खाली आले. मोरीत नळ सोडून रडले. रे.ला ऐकू जाऊ नये म्हणून नळ. अर्धी बादली पाणी वाया.

१२ फेब्रु., गुरुवार

खोटं का बोलू, बिनफोडणीचं वरण आता मलाही गिळवेना. पातेलं घेऊन वर गेले. रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर नरसम्मानं माझ्याकडे न बघताच हात पुढं केला. "ठेवा इकडं."

मोहरी, जिरं, कढीपत्ता. आम्ही फोडणी म्हणतो, ती पोपु म्हणते, शबाना बघार. काय म्हणायचं ते म्हणा, तो चर्र आवाज ऐकून बरं वाटलं.

मी म्हणाले, "ते मोटारीचं..."

"मोटारचं नंतर बघू," ती म्हणाली. "ते भांडण ठेवलंय मी."

मीही ठेवलंय.

१५ फेब्रु., रविवार. महाशिवरात्र

रे.ची उलटी थांबली. तरी खात नाही. ताटाकडे बघते, मग माझ्याकडे, मग माझ्यासाठी म्हणून दोन घास. अ. काहीतरी विनोद करतो, ती हसते, तो बाहेर जाऊन कठड्याशी उभा राहतो.

आज उपास होता माझा. ती म्हणाली, "चला, आज दोघी सारख्या."

१७ फेब्रु., मंगळवार

तपासणी. वजन आणखी उतरलं. डॉ. म्हणाले, असंच राहिलं तर चौथा पुढं ढकलावा लागेल. पुढच्या मंगळवारी रक्त बघून ठरवू.

रिक्षात रे. म्हणाली, "ढकलू देत. मला नकोच आहे चौथा." अगदी सहज. भाजी नको म्हणावं तसं.

अर्ध्यावर सोडलं तर ऑपरेशन करून काय मिळवलं, असं डॉ. मागंच तोंडावर म्हणाले होते. हिला ठाऊक आहे सगळं.

मला भीती वाटते. इथं लिहिते. बोलणार कोणाशी.

१८ फेब्रु., बुधवार

बोलले. गच्चीवर, फोडणीच्या रांगेत, सगळ्यांदेखत. चौथा नको म्हणतेय, म्हटलं.

कोणी उपाय सांगितला नाही, काढा सांगितला नाही. बरं वाटलं. नरसम्मानं गॅस बारीक केला. शबाना हात धरून म्हणाली, "मेरी अम्मी को बी हुआ था आंटी. अब्बी फोन पे रोज डांटती मेरेकू."

ती आई कधी बघितली नाही मी. पण तिच्या शिव्या ऐकाव्याशा वाटल्या.

२० फेब्रु., शुक्रवार

संध्याकाळी रे.ची पाठ चेपत होते. भिंतीकडे तोंड करून तिनं विचारलं, "आई, बिल्डिंगमध्ये कोण गेलं?"

"कोणी नाही. का गं?"

"मग कोणाकडेच फोडणी का पडत नाही? खाली नाही, वर नाही. मी रोज पडून ऐकते." तशीच भिंतीकडे बघत, "का माझं सुतक आधीच धरलंय सगळ्यांनी?"

माझा हात थांबला.

आमच्यात सुतकात फोडणी घालत नाहीत. हे गेले तेव्हा रे. नवी नवरी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ते सगळे दिवस पांढरं वरण आणि भात हिनंच शिजवला, मला भरवलाही हिनंच. माणूस गेलेलं घर नाकाला कसं लागतं, हे तिला पक्कं माहीत आहे. आणि आम्ही पंधरवडाभर तेच घर तिच्याभोवती उभं करत होतो. चांगल्या मनानं. सगळ्यांत आधी मला सुचायला हवं होतं.

गच्चीचं सगळं सांगितलं. शेगडी, डबे, रांग.

"सिलिंडर कोणी चढवला?"

"नरसम्मानं."

"गुडघे दुखतात हो त्यांचे," म्हणाली. मग रडली. मीही. या वेळी नळ सोडला नाही.

२१ फेब्रु., शनिवार

गच्चीवर सांगितलं. सुतक म्हटल्याबरोबर नरसम्मानं कानाला हात लावले. कमळ म्हणाली, "आता गं बया. आमी हे काय करून बसलो." शबानाला आधी कळेना. कळल्यावर ओढणीनं डोळे पुसत राहिली.

नरसम्मा म्हणे, शेगडी आत्ताच्या आत्ता खाली नेते. शबाना म्हणाली, "एकदम नक्को. आहिस्ता."

ठरलं. रोज एकाच घरानं खाली फोडणी घालायची, मिरची नाही, लसूण सोसेल तसा. पहिला मान नरसम्माचा. मी वाद घातला नाही.

२२ फेब्रु., रविवार

दुपारी खालून चर्र. जिरं आणि कढीपत्ता. मी बादली घेऊनच बसले होते. रे. मोरीत गेली. उमासा आला, एकच. परत येऊन बसली, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "काकूंनी तेल नीट तापवलं नाही. जिरं कच्चं राहिलं."

अ.नं माझ्याकडे बघितलं, मी अ.कडे.

डक्टच्या खिडकीतून खाली ओरडले, "नरसम्मा, जिरं कच्चं आहे म्हणतेय."

खालून आलं, "तिला म्हणावं, ये आणि करून दाखव."

रे. हसली. अर्धी वाटी वरणभात खाल्ला. राहिला पोटात.

२३ फेब्रु., सोमवार

शबानाचा नंबर. लसूण. सोसला नाही, सगळं बाहेर. शबाना रडवेली होऊन दारात उभी. रे.नं आतून सांगितलं, "रडतेस काय? परत कर कधीतरी."

उद्या के. आहे. जाणार का, मी विचारलं नाही. अ.नं रजा काढली आहे, त्यानंही विचारलं नाही. पंचा मात्र तिनं स्वतः धुऊन वाळत घातलाय. यावरून काय समजायचं?

२४ फेब्रु., मंगळवार. दवाखान्यात

बाकड्यावर बसून लिहितेय. आली ती.

सकाळी पंचा बांधून तयार होऊन उभी. मी पिशवी भरत होते. म्हणाली, "आई, या वेळी सगळ्यांनी वर जायचं नाही. मला त्रास झाला तर मी दार लावून घेईन. पण रोज एका तरी घरात फोडणी पडू दे. सांगा सगळ्यांना."

कमळला सांगितलं. म्हणजे सगळ्यांना पोचलं.

जिना उतरताना नरसम्माचं दार उघडं, आणि आत चर्र. इतक्या सकाळी कोण फोडणी करतं? मोहरी, लसूण, सुकी मिरची, सगळं आलं अंगावर. ठरलेलं सगळं मोडलं बाईनं. रे. कठडा धरून थांबली. अ. तिच्या मागे, मी पुढे. मी प्लास्टिकची पिशवी उलगडून धरली. नरसम्मा हातात कढलं घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच उभी राहिली.

रे.नं मोठा श्वास घेतला. रंग उतरला तिचा, पण हललीसुद्धा नाही.

"आज जमलंय काकू," म्हणाली आणि पुढची पायरी उतरली.

रक्त घेऊन गेलेत. चौथा देतात की परत पाठवतात ते रिपोर्ट आल्यावर. अ. चहा आणायला गेलाय. रे.चं डोकं माझ्या खांद्यावर. आज खांद्यावर पदराची जाड घडी घालून आलेय, टोचू नये म्हणून.