टोपलीवरचं नाक

ता. ३ एप्रिल

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे रविवारी तुझ्या कोळशावर भाजलेली कोंबडी खाऊनही खुशाल आहेत. ह्यांच्या ऑफिसातली निवृत्त मंडळी जेवायला होती. मी सकाळपासून परसातल्या स्मोकरशी, त्या धुरावर शिजवायच्या ड्रमशी, उभी. ड्रमच्या तळाशी तुझ्या कारखान्याच्या ब्रिकेट, म्हणजे आपल्या त्या कोळशाच्या वड्या, नीट रचल्या. वर जाळीवर कोंबड्या ठेवल्या आणि झाकण लावलं. मंद धग, बेताचा धूर आणि झाकण न उघडण्याचा धीर, एवढंच तर लागतं. धीर माझ्याकडे होता. बाकीचं तू पाठवायचं होतंस.

अरे, काय तो वास! जुना प्लास्टिकचा कंगवा जाळून त्यावर ओले मोजे वाळत घातल्यासारखा. वड्या पेटायलाच रडत होत्या, पेटल्या त्या अर्ध्या वाटेत मान टाकून बसल्या. राख इतकी की खालची झडप बुजली आणि निखाऱ्यांना वाराच मिळेना. पुन्हा नव्या वड्या घातल्या तर काळा धूर. कोंबड्या बाहेर आल्या त्या बूटपॉलिश केल्यासारख्या. ह्यांचे जुने साहेब, जन्मात कुणाला नाही न म्हटलेला माणूस, ते पहिल्या घासानंतर म्हणाले की हल्ली त्यांचं पोट जरा नाजूक असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कोळसा माझ्या भावाच्या कारखान्यातला आहे हे मी सकाळीच सगळ्यांना मिरवून सांगितलं होतं.

बाबांचा नियम विसरलास का? प्रत्येक घाण्यातल्या टोपलीभर वड्या पेटवायच्या, मालकानं स्वतः त्यांच्यावर वाकून वास घ्यायचा, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय एक पोतंही फाटकाबाहेर जायचं नाही. तू वाकतोस की टोपलीपुढे उभा राहून डुलक्या काढतोस? असला माल बाबांनी गेटावरच्या शेगडीतसुद्धा घातला नसता.

वहिनीला आशीर्वाद. तुलाही आहेत, पण जरा कमी.

तुझी ताई


ता. ८ एप्रिल

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पावलं. वाचून आमच्या हिला हसू आवरेना आणि मला राग. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तुझा तो स्मोकर म्हणजे मेहुण्यांनी छिन्नीनं भोकं पाडलेलं पिंप. झडपेला झडप म्हणायचं ते तुझा मान राखायचा म्हणून. वड्या परसातल्या शेडमध्ये ठेवल्या असशील, त्यांना ओल लागली असेल. वर तू दर पाच मिनिटांनी झाकण उघडून डोकावली असशील. धीर तुझ्याकडे होता म्हणे! लहानपणी दूध तापायच्या आत तीनदा बोट बुडवून बघणारी तू.

मी रोज सकाळी टोपलीवर वाकतो. एकही दिवस चुकवलेला नाही. मागे एक यंत्रवाला आला होता, धूर तपासायचा डबा विकायला. मी त्याला सांगितलं, बाबा रे, आमच्या घराण्याला देवानं तो डबा तोंडावरच बसवून दिलाय. चहा पाजून वाटेला लावला. वास अगदी बाबांच्या वेळचा आहे. तुझंच नाक वयानं बिघडलं असेल, दाखवून घे कुणाला तरी. इतकी वर्षं नर्स होतीस, ओळखी असतीलच.

आता मुद्द्याचं. तू हे जे बोलतेस ते चार लोकांत बोलू नकोस. गॅस आल्यापासून आपलं गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. महिनाअखेर एक मोठा स्मोकर बनवणारा इथे येतोय. आपल्याच अंगणात त्याचा स्मोकर लावणार, आपल्या वड्यांवर दिवसभर मांस शिजवणार आणि चाखून बघणार. पसंत पडलं तर त्याच्या प्रत्येक स्मोकरबरोबर आपलं पोतं जाईल. नाही पडलं तर पावसाळ्याआधी भट्ट्या विझवाव्या लागतील, माणसांना घरी बसवावं लागेल. त्याच्यासाठीचा घाणा तयार आहे, मी स्वतः पास केलाय. तेव्हा तोंडाला जरा झाकण लाव.

आहे तेवढा लोभ ठेवावा, कमी केल्यास हरकत घेतली जाईल.

तुझा भाऊ
(ठोंब्या म्हणणं आता सोड, सुना हसतात.)


ता. १२ एप्रिल

चि. ठोंब्यास (सुनांना खुशाल हसू दे) अनेक आशीर्वाद.

वि. वि. पिंपाला नावं ठेवून झाली असतील तर ऐक. माझ्याकडचं उरलेलं पोतं ट्रान्सपोर्टनं परत पाठवते आहे. त्यातल्या टोपलीभर वड्या तुझ्या अंगणात, तुझ्या हातानं, तुझ्या त्या थोर नाकाखाली पेटव. आणि वास कसा आला ते मला कळव. ‘छान’ असं एका शब्दात नको, नीट कळव.

तू हिवाळ्यात तापानं आडवा झाला होतास, त्यानंतर तुझी तब्येत कशी आहे ते तू एकाही पत्रात लिहिलेलं नाहीस. हेही कळव.

रागावले तरी तुझीच,
ताई


ता. १७ एप्रिल

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पोतं मिळालं. सगळ्या माणसांदेखत टोपली पेटवली, चांगला वेळ वाकून उभा राहिलो. वास उत्तम. किंचित गोडसर, मागे स्वच्छ लाकडाचा. नीट कळव म्हणालीस म्हणून नीट कळवलं. आता हा विषय तुझ्या बाजूनं संपला असं मी धरतो.

तब्येत ठणठणीत आहे. तापाला किती दिवस झाले!

माफी मागायची असेल तर पुढच्या पत्रात माग, स्वीकारली जाईल.

तुझा भाऊ


ता. १८ एप्रिल

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. वन्सं, तुम्ही त्या पोत्यात काय घातलं होतंत? टोपली पेटली आणि असा काही कुबट, सडका दर्प सुटला की पोरं साचे टाकून फाटकाबाहेर पळाली. शेजारचा गॅरेजवाला भिंतीवरून विचारायला लागला की काय मेलंय. मला तर उलटीच झाली. आणि हे मधोमध उभे, टोपलीवर वाकलेले, डोळे मिटून. वर मान हलवून म्हणाले, वा. मुकादमांना आधी थट्टाच वाटली, ते हसलेही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तापातून उठल्यापासून ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलेलं नाही. करपलं तरी छान, खारट झालं तरी छान. मला वाटलं, उशिरा का होईना माणूस सुधारला. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत होते हो! आणि परवा गॅसची नळी सुटली होती, तर हे शेजारीच पेपर वाचत बसलेले.

मुकादमांना मी एका बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, हल्ली लाकूडवाला जुनी दारं, रंगवलेली कपाटं, प्लायवूडचे तुकडे असलं काहीबाही आणून टाकतो. पूर्वी मालक ट्रक फाटकातूनच मागे पाठवायचे. आता सगळं आत घेतात. कुबट वास येतो हे सगळ्यांना कळतं, पण मालकांनी वाकून मान हलवल्यावर आपण कोण बोलणार? त्या स्मोकरवाल्यासाठी बाजूला काढलेला घाणाही त्याच लाकडाचा आहे.

मी बोलायला गेले तर ह्यांचा चेहरा असा होतो की माझी जीभ उचलत नाही. तुमची उचलते. तुम्हीच लिहा, आणि महिनाअखेरीच्या आत लिहा.

तुमची माया आहे म्हणून हे धाडस.

तुमची भावजय


ता. २१ एप्रिल

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुला जो वास गोडसर आणि स्वच्छ लाकडाचा वाटला, तो माशाच्या तेलाचा होता. मी मासे धुरावते त्या ट्रेमध्ये साठलेलं, महिनाभर जुनं तेल. वड्या त्यात बुडवल्या, वाळवल्या आणि वर कोळशाची पूड चोळून पोत्यात भरल्या. आमच्याकडचं मांजरसुद्धा दोन दिवस शेडकडे फिरकलं नाही. आणि तू त्यावर वाकून डोळे मिटलेस!

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले. मग आत जाऊन रडले. दोन्ही तुझ्यामुळे, म्हणून दोन्ही कळवते.

तुझं नाक गेलंय. तापानं जातं, मी वॉर्डात पाहिलंय. कधी परत येतं, कधी नाही. तुला चष्मा लागला तेव्हा आभाळ कोसळलं होतं का? मग नाकाला असं काय सोनं लागलंय? पण नाही! घराण्याचा डबा ना तो, तोंडावर बसवलेला! आतून रिकामा झाला तरी शेठजी रोज वाकणार, मान हलवणार, आणि वर वयानं बिघडलेलं नाक माझं! नाटकच करायचं तर निदान नाक मुरडायचं करायचंस, शंभरात दोनदा खरं ठरलं असतं.

नाक गेलं याचा मला राग नाही रे. राग याचा की तू मला सांगितलं नाहीस. आणि दुसरा राग याचा की लोक त्या वड्यांवर खायचं शिजवतात, रंगाचा आणि डिंकाचा धूर त्यांच्या पोटात जातो, हे तुला कळत नव्हतं असं नाही. तुला शंका होती. शंका नसलेला माणूस इतकं नीट खोटं लिहीत नाही. तो घाणा त्या माणसापुढे ठेवू नकोस. ठेवलास तर मी स्वतः येईन आणि त्याच्या ताटापुढे उभी राहून सांगेन, मग भट्ट्या विझल्या तरी बेहत्तर.

वहिनीवर चिडू नकोस, तिनं काही केलेलं नाही. लोभ आहे, तो मी काही परत घेत नाही.

तुझी ताई


ता. २ मे

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फाडलं. मग तुकडे गोळा करून जुळवले आणि पुन्हा वाचलं. ही दारातून बघत होती, तिला वाटलं डोकंही गेलं.

शंका नव्हती, ताई, खात्री होती. तापातून उठलो त्या सकाळी टोपलीवर वाकलो आणि काहीच नाही. नुसती गरम हवा. वाटलं उद्या येईल, मग परवा. माणसं माझ्या मानेकडे बघत उभी असतात गं. एकदा हलवली, मग रोज हलवावी लागली. नाही म्हणावं तर कशावरून म्हणू? चांगल्या मालालाही नाही म्हणून बसलो असतो. जेवायला बसतो ते ताटात काय आहे ते डोळ्यांनी बघून. हिला कळलं नसेल असं वाटायचं. म्हणजे ठोंब्या हे बरोबरच आहे.

तो स्मोकरवाला आला. टापटीप माणूस, बरोबर चकचकीत स्मोकर आणि मांसाचा मोठा तुकडा. मी त्याला खुर्ची दिली आणि तो वड्या रचायला लागला तेव्हा म्हणालो की थांबा, हा माल मी पास केलाय, पण मला वास येत नाही. तापात गेला. माझी बहीण म्हणते हा घाणा नासका आहे, आणि ती खोटं बोलत नाही, फक्त वाईट बोलते. तुम्हीच दोन वड्या पेटवून बघा. त्यानं पेटवल्या. तोंड वाकडं केलं, नाकाला रुमाल लावला आणि मांस गाडीत ठेवलं. मला वाटलं, संपलं. मुकादमांनी तर टोपी काढून हातात घेतली.

पण तो फाटकातून परत आला. म्हणाला की वर्षभर फिरतोय, सगळे आपापल्या कोळशावर अत्तर ओतून दाखवतात, स्वतःचा माल नासका म्हणणारा पहिलाच भेटला. कबूल काही केलं नाही. पावसाळ्याआधी एकदा येतो म्हणाला, तोवर माल सुधारा आणि टोपलीवर वाकायला कुणी चालतं नाक असलेलं माणूस उभं करा.

तो घाणा सगळा फोडून खड्ड्यात घातला. लाकूडवाल्याचा ट्रक काल फाटकातूनच परत गेला. साध्या फांद्यांच्या कोळशाच्या नव्या वड्या पाडल्या, वड्या बांधायची खळ कमी घालून. मुकादम वाकले, म्हणाले बरा आहे. ही वाकली, म्हणाली चांगला आहे. बरा म्हणजे कसा, चांगला म्हणजे कसा, दोघांनाही सांगता येईना. आणि मला तर ते ऐकल्याशिवाय लाकडात, खळीत की भट्टीत काय बदलायचं ते कळत नाही.

एक सांगतो, हसू नकोस. इतक्या महिन्यांत मला कशाचाही वास आलेला नाही. तुझी पत्रं वाचताना मात्र येतो. तू शिव्या देतेस त्या इतक्या नेमक्या असतात की डोळ्यांत पाणी येऊन नाकात काहीतरी झोंबतं.

तेव्हा मेहुण्यांना घेऊन ये आणि इथेच राहा, पावसाळ्यापर्यंत तरी. रोज सकाळी टोपली मी पेटवीन. तू तिच्यावर वाक, आणि माझ्याकडे बघून तोंडाला येईल ते बोल.

तुझा
ठोंब्या