झाकणाच्या बदलाचे कारण

१४ मार्च, गुरुवार

ती. दादास,

नमस्कार. 'इकडील सर्व ठीक' असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. ठीक म्हणजे आई बरी आहे, मी उभी आहे, छत गळत नाही, एवढंच. तुझी खबर वहिनीकडून कळते. ती आईला फोन करते तेव्हा मी शेजारी बसून कान लावते. पंप दुरुस्तीचं काम बरं चाललंय, गुडघा दुखतो, डॉक्टरकडे जात नाहीस. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान दारातून बाजूला करायला तरी उचलावं लागतं.

आधी बातम्या. आईचे कान आता जवळजवळ गेले. यंत्र आणलंय, ते ती उशीखाली ठेवते. म्हणते, कानात घातलं की आपल्याच चावण्याचा आवाज येतो. रविवारी सकाळी दाराकडे तोंड करून बसते. तू येत नाहीस ते लांबच्या प्रवासामुळे आणि गुडघ्यामुळे, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलंय. मी ते कधी खोडून काढलं नाही.

मी दमले आहे रे दादा. ड्रॉइंग ऑफिसात आता मीच सगळ्यात जुनी. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबते. कागदाची फळी जाऊन कॉम्प्युटरचा पडदा आला, मान मात्र दुखायची ती दुखतेच. आधी खाली वाकून दुखायची, आता समोर बघून दुखते. नवीन आलेले मला ताई म्हणतात आणि अवघड काम माझ्या टेबलावर ठेवून चहाला जातात.

गेलं वर्षभर माझ्याकडे एकच काम होतं. झाकण. हो, तेच.

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवणार, तुला चष्म्याचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून तिच्यासाठी नीट सांगते. वहिनी, रेल्वेच्या डब्याखालची दोन चाकं एका जाड लोखंडी दांड्यावर असतात, तो ॲक्सल. त्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, बेअरिंगवर लोखंडी पेटी आणि पेटीच्या तोंडावर थाळीएवढं झाकण, चार बोल्टांनी आवळलेलं. झाकणाचं काम धूळ आणि पाणी बाहेर ठेवायचं. तरी आत थोडा दमटपणा धरतोच, तो निघावा म्हणून झाकणाला करंगळीच्या टोकाएवढं भोक असतं. ते खाली असलं की पाणी बाहेर जातं. वर असलं की गाडी धुताना पाणी आत येतं, ग्रीस पांढरं पडतं, बेअरिंग तापतं, आणि मग पुढे काय होतं ते तुमच्या घरात वेगळं सांगायला नको.

जुन्या झाकणाचे चार बोल्ट बरोबर चौरसात होते. म्हणजे झाकण चार तऱ्हांनी बसायचं, आणि चारही तऱ्हा दिसायला सारख्याच. नव्या झाकणात आणि पेटीतही मी चौथ्या बोल्टचं भोक आठ मिलिमीटर सरकवलं. बस. आता ते एकाच तऱ्हेनं बसतं, उलटं लावायचं म्हटलं तर बोल्टच जात नाही. पाण्याच्या भोकावर एक छोटंसं छप्परही दिलं, फवारा सरळ आत जाऊ नये म्हणून. रबराच्या कड्याची खाच थोडी खोल केली. सहा झाकणं करून घेतली, त्यांच्यावर आठ-आठ तास पाणी मारलं, आणि उघडून बघितली तेव्हा आतलं ग्रीस जसंच्या तसं होतं. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पाच मिनिटं तिथंच उभी राहिले. आठ मिलिमीटर, दादा. ते सुचायला अकरा वर्षं लागतात का?

हे काम निघालं ते खालच्या शॉपमुळे, जिथं डबे दुरुस्तीला येतात. पान्या आठवतो ना, तुझ्या हाताखाली शिकलेला? तो आता तिथला मुख्य फिटर आहे, केस गेलेत, बडबड तेवढीच आहे. गेल्या वर्षी जानेवारीत दोन झाकणं उलटी लागलेली गाडी सुटण्याआधी त्यालाच सापडली. मला खाली बोलावून त्यानं दाखवलं. सुट्या चाकांवर बेअरिंगची पेटी नुसती लोंबत असते. स्प्रिंगची बैठक डोक्यावर, ती जड, म्हणून पेटी आपसूक उलटी होऊन लटकते. फिटर बिचारा ड्रॉइंगवरची टीप वाचतो, 'भोक खाली ठेवावे', आणि जमिनीच्या बाजूला ठेवतो. मग पेटी सरळ करून गाडीखाली बसवली की भोक वर. पान्या म्हणाला, दादांच्या त्या प्रकरणानंतर आम्ही पेटी आधी सरळ करतो आणि मगच झाकण लावतो, पण हे कुठं लिहिलेलं नाही, नवीन माणूस आला की तोंडानं सांगावं लागतं. मला हे तिथं उभं राहिल्यावर कळलं. वरच्या मजल्यावर बसणाऱ्याला पेटी नेहमी सरळच दिसते, कारण कागदावर ती सरळच काढलेली असते.

इथपर्यंत लिहून मी उठले, आईला औषध दिलं, परत बसले.

आता ऑफिसातलं. झाकण पास झालं की बदलाचा एक कागद भरावा लागतो. त्यात रकाना असतो, 'बदलाचे कारण'. तिथं दोनपैकी एक शब्द लिहायचा. 'सुधारणा' किंवा 'दुरुस्ती'. घरात बोलताना दोन्ही एकच, पण आमच्याकडे जमीन-अस्मानाचा फरक. सुधारणा म्हणजे आधीचं बरोबर होतं, आता जास्त चांगलं झालं. दुरुस्ती म्हणजे आधीचं चुकलं होतं. आणि दुरुस्ती लिहिली की त्या जुन्या ड्रॉइंगवर झालेलं काम, त्यावरून झालेल्या चौकशा, सगळं परत उघडायचं, असा नियम आहे.

साहेबांनी कागद माझ्यापुढे ठेवला. ते पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत, माणूस वाईट नाही. हळूच म्हणाले की सुधारणा लिहा बाई, पत्रकात तुमचं नाव येईल, मीही सुखानं घरी जाईन, अकरा वर्षांपूर्वीचं उकरून आता कुणाचं भलं होणार आहे? मी म्हटलं उद्या भरते. तो उद्या तीन आठवडे चालला.

वर मी लिहिलंय ना, मला ते जानेवारीत कळलं. ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे तसंच, म्हणजे खोटं बोलायची मला किती सवय झालीय ते तुला दिसेल.

लोंबती पेटी मी अकरा वर्षांपूर्वीच पाहिली होती. एक्स्प्रेस मध्येच थांबली, डब्याखालून धूर निघाला, लोकांनी उड्या टाकल्या, एका बाईचा पाय मोडला. चौकशी लागली आणि पहिल्या तुकडीची सगळी झाकणं तुझ्या हातची निघाली, कारण नवीन काम नेहमी तुलाच द्यायचे. माझी जबानी बुधवारी होती. मंगळवारी दुपारी शॉप जेवायला गेलं तेव्हा मी एकटी खाली उतरले. ओळीनं चाकं उभी होती आणि ओळीनं पेट्या उलट्या लटकत होत्या. मी तिथं मिनिटभर उभी होते. सगळं समजलं. टीप माझी होती, शब्द माझे होते, आणि ते चुकीचे होते. बुधवारी मला विचारलं, टीप पुरेशी स्पष्ट आहे का? मी म्हटलं, हो.

तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, माझ्या हातून उलटं लागलं. एवढंच. ज्या माणसाला बेअरिंगवर तळवा ठेवून त्याचं उरलेलं आयुष्य सांगता यायचं, त्याला त्यांनी स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं. तीन वर्षं तू ते वाटलेस. मी रोज त्या खिडकीसमोरून जात होते आणि तोंडात मिठाची गुळणी धरून जात होते. नोकरी सोडून निघालास त्या दिवशी जिन्यात मला म्हणालास, "तू एकदा तरी बोलशील असं वाटलं होतं." मी तेव्हाही घड्याळ बघितलं. बसची वेळ झालीय म्हणाले. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि त्यात तुझं काहीच चुकलं नाही.

आता हेही सगळं नाही. खालचं लिहायला मला जिवावर आलंय.

गेल्या रविवारी आईला नव्या झाकणाबद्दल सांगत होते. तिला ऐकू येत नाही म्हणून कागदावर चित्र काढून दाखवलं. पेटी, भोक, उलटं, सुलटं. म्हटलं, तेवढाच वेळ जाईल तिचा. ती बराच वेळ चित्राकडे बघत बसली. मग जोरात म्हणाली, कान गेल्यापासून जोरातच बोलते, "म्हणजे जेवताना त्यानं तुला विचारलं होतं, तेच का गं हे?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

मला वाटत होतं ते फक्त तुला आणि मला माहीत आहे. आई वाढत होती, हे मी विसरूनच गेले होते. वहिनी, तू तेव्हा माहेरी होतीस. झाकणं लावायच्या आदल्या दिवशी दादानं ताटावर बसून मला विचारलं होतं, खाली म्हणजे कुठलं खाली गं, लोंबताना का गाडीखाली? साधा प्रश्न होता. मी त्या दिवशी वैतागलेली होते, वरचे लोक दिवसभर बोलले होते, आणि शॉपमधला माणूस माझ्या ड्रॉइंगला शंका काढतो याचा मला राग आला. मी म्हणाले, लिहिलंय तसं लाव ना, प्रत्येकानं आपलं डोकं चालवलं तर आम्ही ड्रॉइंग काढायचं कशाला? तो हसला. म्हणाला, बरं बाई. आणि त्यानं अगदी लिहिलं होतं तसंच लावलं, बेचाळीस झाकणं, एकही न चुकवता.

चौकशीत त्याला विचारलं होतं, झाकण लावण्याआधी कुणाला शंका विचारली होती का? हा म्हणाला, नाही. मी शेजारच्याच खुर्चीवर होते. मी त्या पदावर नवीन होते, माझी बढती पक्की व्हायची होती, आणि यानं एका 'नाही'त मला बाहेर काढलं. वहिनी, इतकी वर्षं तू समजत आलीस की तुझ्या नवऱ्याच्या हातून चूक झाली. त्यानं घरीही सांगितलं नसेल, मला खात्री आहे. चूक झाली नव्हती. त्याला कळलं होतं, त्यानं विचारलं होतं, आणि मी त्याला गप्प केलं होतं.

आईला मी मान हलवून हो म्हटलं. तिनं कागदाची घडी घालून उशीखाली ठेवली, कानाच्या यंत्राशेजारी. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. बरोबरच आहे.

परवा मंगळवारी मी रकान्यात 'दुरुस्ती' लिहिलं. सोबत चार पानांची जबानी जोडली. तेव्हाच्या मंगळवारची दुपार, जेवणातला प्रश्न, माझं उत्तर, सगळं आहे त्यात. साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसून पुन्हा वाचलं. चष्मा काढून डोळे चोळले. इतकंच म्हणाले, की तुमची नोकरीची तीन वर्षंच राहिली होती हो. मी म्हटलं, त्याचीही तीनच गेली हातमोज्यांत. त्यांनी सही केली.

माझं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. कामावरून काढतील, खालच्या जागी बसवतील, नाहीतर नुसतं लिहून ठेवतील. खरं सांगू? झोप लागायला लागलीय. बाकी थकवा आहे तसाच आहे, तो काही एका शब्दानं जाणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी हे केलं असं समजू नकोस. माफीही मागत नाही, ती मागायची वेळ जिन्यातच निघून गेली.

एका कामासाठी मात्र लिहितेय. जुनी चौकशी उघडली आहे आणि पंचवीस तारखेला, सोमवारी, तुला बोलावणार आहेत. नोटीस दोन-चार दिवसांत येईल. तू फाडून टाकशील म्हणून आधी कळवते. फाडू नकोस. माझी जबानी एकटीची आहे, आईला त्या खोलीत प्रश्न ऐकू यायचे नाहीत, आणि ऑफिस म्हणणार की बहीण भावासाठी आता गोष्ट रचतेय. तुझ्या जुन्या कागदावर तुझं 'नाही' अजून आहे. तू बोललास तरच तुझ्या नावावरची ठपक्याची ओळ निघेल, नाहीतर मी लिहिलेली चार पानं चुलीत घालायच्या लायकीची.

तोच प्रश्न पुन्हा विचारतील. कुणाला विचारलं होतं का? मी समोरच बसलेली असेन, थकलेली दिसेन, म्हातारीही दिसेन, आणि तुला दया येईल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. माझ्याकडे बघू नकोस, दादा. भिंतीकडे बघ आणि हो म्हण. बहिणीला विचारलं होतं, असं म्हण.

या खेपेला तरी मला वाचवू नकोस.

तुझी,
जिला तू विचारलं होतंस ती