बत्तीस नळांचा सर्व्हर

२६ मे २०१६, लातूर

सर्व्हर गेला तो गेलाच! काल लाइट दोनदा आली-गेली आणि डिस्क जळाली. जिल्ह्यातल्या कुठल्या गावाला किती टँकर, सगळं त्यातच होतं. बॅकअप एकच — सिद्धलिंगने नोकरी सोडून पुण्याला जाताना बाहेरच्या डिस्कवर घेतलेला. त्याचं काम आता माझ्या गळ्यात.

नवा सर्व्हर आलाय. बत्तीस कोअर, म्हणजे एका वेळी बत्तीस कामं करणारा; मेमरी भरपूर. साहेब नवा ट्रॅक्टर आणल्यासारखे त्याच्याभोवती फिरले. एक तारखेपासून जूनच्या फेऱ्या, म्हणजे यादी ३१ च्या आत हवी, म्हणाले. एवढं दणकट मशीन दिल्यावर उशीर कशाला होईल? हो, कशाला होईल!

२७ मे

सकाळी रिस्टोर, म्हणजे बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवायला लावला. सहा तासांत पाच टक्के. म्हणजे पाच दिवस!

त्यात गावाकडून आईचा, आमच्या अव्वाचा फोन. मुरुडजवळच्या आमच्या वस्तीवरची विहीर आटली. टँकरच्या अर्जावर घरोघरी फिरून तिनेच बायकांचे अंगठे घेतले होते. "एक तारखेला येतंय ना गं?" मी हो म्हणाले. सिद्धलिंगने जाताना सांगितलंय — तुमच्या वस्तीचं मंजूर झालंय, मी टाकलंय. पण आधी हे मेलं चढायला तर हवं.

२८ मे

जेवण गेलं नाही. आमचे शिपाई धोंडप्पामामा चहा ठेवायला आले आणि स्क्रीनकडे बघत उभे राहिले. बत्तीस कोअरच्या बत्तीस पट्ट्या, हलतेय एकच. हे काय, विचारलं. मी समजावून सांगितलं.

"म्हणजे नळ बत्तीस, अन् रांग एकालाच लावलीस व्हय?"

हसू आलं, मग लाज वाटली. कालपासून मी दुसरं काय केलंय! सगळं थांबवलं, पुसलं, पुन्हा लावलं — एकदम सोळा कामं, मेमरी वाढवून, शोधायच्या सूच्या म्हणजे इंडेक्स शेवटी. पळायला लागलं! मामांना उद्या चहा माझ्याकडून.

२९ मे

रविवार. तरी ऑफिस.

एक सोडून सगळी टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, चढली. त्या एकावर अडलंय. एका टेबलाला एकच काम लागतं, बाकीची पंधरा मोकळी. आत नुसते स्कॅन केलेले कागद आणि फोटो. अजून तीन दिवस दाखवतंय. एक तारीख हातची जाणार.

नाव इंग्रजी अक्षरांत — जे, यू, एन, ई. सिद्धलिंगची ही सवयच. गाव, विहीर, फेरी — सगळ्या टेबलांना मराठी नावं, इंग्रजी अक्षरांत. म्हणजे हे 'जुने'. जुन्या कागदांपायी माणसं तहानलेली ठेवायची का? त्याला तीनदा फोन लावला, उचलला नाही. कुठल्यातरी लग्नात असणार, बेफिकीर माणूस.

वगळलं. बटण दाबलं आणि यादीच्या कामाला लागले.

३० मे

यादी निघाली! साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. नवा बॅकअप लगेच घ्या म्हणाले. डिस्क एकच, त्यात जागा नाही. जुना पुसून नवा घेतला. चार दिवसांनी पोटभर जेवले.

३१ मे

अव्वाला कळवलं. बायकांनी आत्तापासूनच घागरी राखेने घासून दारात मांडल्यात म्हणे.

१ जून

अकरा वाजता अव्वाचा फोन. "टँकर न्हाई आला गं."

यादी उघडली. आमची वस्ती नाही. नव्याने मंजूर झालेली एकही वस्ती नाही.

सिद्धलिंगने आज फोन उचलला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "नव्या एकशे बारा वस्त्यांचं टेबल लई वेळ खातंय, थांबलीस ना? अर्ज, अंगठे सगळे त्यातच हायत. जूनपासून टँकर, म्हणून नाव जून ठेवलंय."

एकशे बारा वस्त्यांचे अंगठे मी माझ्या हाताने पुसले. त्यात अव्वाचाही.