सीट आणि खिशातला पाना

रविवार, संध्याकाळ

मांडीचं हाड जुळल्यावर आज पहिल्यांदा सायकल काढली. बघतो तर सीट खाली केलेली! सुमननंच. "दोन्ही पाय टेकले पाहिजेत," म्हणाली. जन्मभर कंपनीत फिटर होतो, आणि सीटची उंची मला बायकोनं शिकवायची? वाद घातला नाही. पाना गुपचूप खिशात टाकला. कोपऱ्यावर वळलं की सीट वर करायची.

कोपरा आला नि गेला. इतक्या महिन्यांनी तोंडाला वारा लागत होता, थांबतोय कोण?

पिंपळे गुरवच्या सिग्नलजवळ रिक्षा आडवी आली. कचकन ब्रेक दाबला. दोन्ही पाय जमिनीवर. पडलो नाही.

मघाशी पँट धुवायला घेताना सुमनला खिशात पाना सापडला.

"लागला का?"

"नाही."

हसली नाही, तेवढं बरं केलं.