परवाना परत मिळाला, त्याची हकीकत

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

आदरणीय बापूमामांस,
अभयचा सविनय जय भीम.

आपली व मामींची प्रकृती ठीक असावी. मामींच्या गुडघ्याला वर्ध्याचं ऊन मानवतं असं कळलं. इथे कोणालाच काही मानवत नाही. माझा गाडी चालवण्याचा परवाना शुक्रवारी परत मिळाला. तो गेला होता, हे कल्याणीने फोनवर सांगितलंच असेल (तिच्या फोनमधून काही सुटत नाही), पण बायकोने सांगितलेली नवऱ्याची हकीकत एकतर्फी असणार. आपण आयुष्यभर एस.टी. चालवलीत, म्हणून खरा प्रकार आपल्यालाच लिहितो.

झालं असं. फेब्रुवारीत आमच्या खराडीच्या ऑफिसात एकाला बढती मिळाली. परवापर्यंत माझ्या हाताखाली होता. ई-मेल कुणाला पाठवायची नाही, हे मी त्याला शिकवलं. तर त्या आनंदात दुपारी जेवण होतं, आणि अशा जेवणाबरोबर जे असतं तेही होतं. मी दोनच पेग घेतले. (तिसरा आग्रहाचा. आग्रहाचा धरत नाहीत.) संध्याकाळी आमच्या पायलला क्लासवरून घेतलं, आणि पहिल्याच वळणावर गाडी दुभाजकाला जराशी घासली. दुभाजक मुळातच वाकडा बांधलाय. पण या शहरात दुभाजकाला कोणी जाब विचारत नाही. पोलीस यंत्र घेऊन आला माझ्याकडे. वयाने अगदी कोवळा. म्हणाला, "काका, जोरात फुंका. वाढदिवसाची मेणबत्ती समजा." पायल दप्तर पोटाशी धरून फुटपाथवर उभी, आणि क्लासमधली सगळी पोरं बघतायत. ती रडत होती. उगाच. कुणाला काही लागलं नव्हतं.

कोर्टात वकिलाने मला गप्प राहायला सांगितलं होतं. पण यंत्रातलं वकिलाला काय कळतं? मी इंजिनिअर माणूस. असल्या यंत्रात काय काय दोष असू शकतात, हे मी न्यायाधीश बाईंना सविस्तर समजावून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आपण प्यायला नव्हतात?" मी म्हटलं, "तसं नाही, पण यंत्र..." पुढचं ऐकून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. दंड झाला, आणि परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित. वकील बाहेर येऊन माझ्याकडे असा बघत होता, जणू शिक्षा त्यालाच झाली.

त्यानंतर मी रोज कल्याणीच्या स्कूटरवर मागे बसून बस थांब्यापर्यंत जाऊ लागलो. सोसायटीतली जी मंडळी लिफ्टमध्ये ओळख दाखवत नाहीत, ती गच्चीतून हात करू लागली. मी मागून कल्याणीला दोन-चार उपयुक्त सूचना केल्या, तर तिने मला थांब्याच्या बरंच अलीकडे उतरवलं. रविवारी विहारात तर कहर. पंचशील म्हणताना पहिली चार शीलं पायल पुटपुटायची, आणि पाचव्याला, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याच्या जागी, तिचा आवाज खणखणीत. लोक कौतुकाने तिच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

परवाना परत हवा, तर उजळणीचा वर्ग करावा लागतो. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने! शिकवणारी मुलगी कॉलेजातून आत्ताच सुटल्यासारखी. शेजारी भैरू नावाचा टेम्पोवाला. तो या वर्गाला पूर्वीही येऊन गेलेला, त्यामुळे वर्गातला कुठला पंखा चालतो, हे त्याने मला आपुलकीने सांगितलं. मग एक चष्मा दिला. तो घातला की प्यालेल्या माणसाला दिसतं तसं दिसतं म्हणे. तो घालून रांगेतल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून चालायचं. मी चाललो आणि शंकू आडवे झाले. चष्माच सदोष आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. भैरू म्हणाला, "पण साहेब, शेवटचा शंकू तुम्ही चष्मा काढल्यावर पाडला." अशा लोकांत बसावं लागलं, मामा.

शुक्रवारी परवाना आणायला गेलो, तर ज्या रांगेत मी सकाळभर उभा होतो ती ट्रॅक्टरवाल्यांची निघाली. (एकानेही सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं, हा काय मुद्दा झाला?)

असो. परवाना खिशात आहे. एवढ्या लोकांनी मिळून मला काय शिकवलं, म्हणाल तर काही नाही. मामींना जय भीम सांगावा.

आपला भाचा,
अभय

ता. क. — मुख्य लिहायचं राहिलंच. काल गाडी धुतली, चाकांत हवा भरली आणि म्हटलं, चला कात्रजला. पायलला सर्पोद्यान बघायचं होतं. दोघी नटून खाली आल्या आणि स्कूटरवर बसल्या. कल्याणी म्हणाली, "तुम्ही या मागून." गेलो मागून. पुढे त्या दोघी, मागे पाच माणसांच्या गाडीत मी एकटा. पायल सारखी मान वळवून बघत होती, मी नीट येतोय ना म्हणून. मामा, दिवाळीत इकडे याल का? गाडी चालवायची नाही, नुसतं माझ्या शेजारी बसायचं. आजोबा (म्हणजे आपण) पुढे बसले तर मी मागे बसेन, असं पायल म्हणते.

आणखी ता. क. — पायल आत्ता खांद्यावरून हे वाचून गेली. "आणि आजोबा नाही आले तर?" एवढंच विचारलं तिने. तिकीट मी काढून पाठवतो. नाही म्हणू नका.